आधी दर, मग प्लेट

“हाड मोडलंय की नाही ते आधी बघू, पैशांचं नंतर बघता येईल.” निगडीतल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्यात बाकावर तासभर बसलात तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडेल. कधी सोबत आलेला मेहुणा ते म्हणतो, कधी शेजारी, कधी काउंटरमागची मुलगी. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. पण या काळजीआड एक समजूत दडलेली आहे आणि ती इतकी घट्ट बसली आहे की तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. एक्स-रेचे किती पैसे होतील हे आधी विचारणं बरं दिसत नाही, विचारलं तरी नीट उत्तर मिळत नाही आणि नाही मिळालं म्हणून फारसं काही बिघडत नाही, अशी ती समजूत. मला ती मुळातून चुकीची वाटते आणि तिचा रागही येतो.

तिच्या बाजूने जे बोललं जातं ते आधी पुरतं ऐकून घेऊ. एक्स-रे ही किरकोळ तपासणी आहे, चार-पाचशे रुपयांसाठी कसली चौकशी करायची? दवाखाना म्हणजे दुकान नव्हे. तिथे भाव विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणं. शिवाय प्रत्येक रुग्ण वेगळा, मग किती प्लेट लागतील ते तपासल्याशिवाय कसं सांगणार? यंत्र, जागा, तंत्रज्ञ, वीज यांचा खर्च मोठा आहे; उद्या दरांच्या पाट्या लावायची सक्ती केली तर स्वस्ताईची शर्यत लागेल आणि प्लेटा धूसर येऊ लागतील. आणि एवढं करूनही ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी महापालिकेचं वायसीएम रुग्णालय आहेच की! हे बोलणारे अडाणी नसतात. शिकलेले, बऱ्या पगाराचे, निगडी प्राधिकरणात स्वतःचं घर असलेले लोक हे बोलतात, आणि त्यांचं ऐकून ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत तोही गप्प बसतो.

चार-पाचशे रुपये किरकोळ आहेत, पण कुणाला? निगडी म्हणजे फक्त प्राधिकरणातल्या झाडांच्या गल्ल्या नव्हेत. ओटास्कीम निगडीतच आहे, रुपीनगर आणि तळवडे पलीकडे लागूनच आहेत, आणि तळवडे, चिखली, भोसरी, चाकणच्या छोट्या-मोठ्या कारखान्यांत रोज पाळीला जाणारी हजारो माणसं या भागात भाड्याच्या खोल्यांत राहतात. हाडं मोडतात ती बहुतेक यांचीच. प्रेस मशिनखाली बोट सापडतं, माल उतरवताना पायावर पेटी पडते, पावसात जुन्या महामार्गावर दुचाकी घसरते. कंत्राटी कामगाराचा हात प्लास्टरमध्ये गेला की त्याच दिवसापासून खाडे सुरू होतात. मिळकत बंद झाली त्याच दिवशी खर्च सुरू होतो. अशा माणसाला पाचशे आणि नऊशे यांतला फरक कळत नाही, असं समजायचं आहे का? तो फरक म्हणजे त्याच्या घरातला आठवड्याचा किराणा आहे.

आणि एक्स-रे एकच असतो, हे कुणी सांगितलं? सर्वांत नेहमीची मोडतोड घ्या. न्हाणीघरात पाय घसरतो, पडताना माणूस हात टेकवतो आणि मनगटाजवळचं हाड जातं. साठी उलटलेल्या बायकांमध्ये तर हे फार दिसतं. पहिल्याच दिवशी समोरून आणि बाजूने असे दोन फोटो लागतात, कारण एका बाजूने सरळ दिसणारं हाड दुसऱ्या बाजूने सरकलेलं असू शकतं. हाड सरकलेलं असेल तर ते ओढून बसवतात, प्लास्टर घालतात आणि नीट बसलं का हे पाहायला पुन्हा एक्स-रे काढतात. आठवड्याभराने सूज उतरते, प्लास्टर सैल होतं आणि हाड जागेवरून हललं नाही ना हे बघायला परत एक. कधी त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी एक. सहाएक आठवड्यांनी प्लास्टर काढताना हाड जुळलं का ते बघायला शेवटचा. म्हणजे एका मनगटापायी चार-पाच वेळा त्या टेबलावर हात ठेवावा लागतो. हे सगळे एक्स-रे गरजेचे आहेत आणि ते काढणारा डॉक्टर काही चुकीचं करत नाही. पण पहिल्या दिवशी ‘चारशे रुपयांत काय होतंय’ म्हणून गप्प बसलेल्या माणसाने शेवटी किती रुपये मोजले, याचा हिशेब ‘किरकोळ’ म्हणणाऱ्यांनी कधी मांडला आहे का?

मनगटात अंगठ्याच्या मुळाशी एक लहानसं हाड असतं, स्कॅफॉइड. त्याची चीर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो. पोटरीचं किंवा कोपराखालचं हाड मोडलं तर वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे फोटोत यावे लागतात, त्यामुळे मोठी फिल्म लागते, कधी दोन लागतात. लहान मुलाच्या हाडांची टोकं अजून वाढत असतात, म्हणून काही वेळा दुसऱ्या, धडधाकट हाताचाही फोटो तुलनेसाठी काढतात. यातलं काहीही अचानक उपटत नाही. हाडांचं काम करणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. मग ते रुग्णाला पहिल्या दिवशीच का सांगू नये? ‘आज इतके, पुढच्या दीड महिन्यात अजून तीन-चार वेळा लागतील, दर वेळी इतके,’ एवढं बोलायला अर्धं मिनिटही लागत नाही.

‘आधी सांगता येत नाही’ हा बचाव मला सर्वांत लटका वाटतो. पोट फाडून आत काय सापडेल ते सांगता येत नाही, हे मी मान्य करतो. अतिदक्षता विभागात किती दिवस राहावं लागेल, हेही खरंच कुणाला सांगता येत नाही. पण साऱ्या वैद्यकीत ज्याचा खर्च आधी बिनचूक सांगता येतो असं काही असेल तर तो हाडाचा एक्स-रे. शरीराचा कुठला भाग, किती बाजूंनी, फिल्म छापून हवी का, रेडिऑलॉजिस्टचा लेखी अहवाल हवा का, दिवसा की रात्री, केंद्रात की खाटेजवळ फिरतं यंत्र आणून. या पाच-सहा गोष्टी कळल्या की आकडा ठरला. त्यातल्या बहुतेक डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच लिहिलेल्या असतात. ‘उजवं मनगट, एपी आणि लॅटरल’ असं चिठ्ठीवर लिहिलं असताना पैसे किती हे न सांगण्याला कसलं वैद्यकीय कारण आहे? केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे सीजीएचएसच्या दरपत्रकात एक्स-रेचे दर भागानुसार आणि बाजूंनुसार वेगवेगळे छापलेले असतात. सरकारी कर्मचाऱ्याच्या हाडाचा दर कागदावर बसतो, मग ओटास्कीममधल्या हेल्परच्या हाडाचा का बसू नये?

म्हणून किती मोजावे लागतील ते इथेच सांगून टाकतो. पिंपरी-चिंचवडमधल्या खासगी केंद्रात हातापायाच्या एका भागाच्या दोन बाजूंच्या डिजिटल एक्स-रेला साधारणपणे ४०० ते १००० रुपये पडतात. मोठ्या खासगी रुग्णालयात त्याहून जास्त. कंबर, मणका, खुबा किंवा दोन्ही गुडघे उभ्याने, यांना आणखी. रात्री-अपरात्री गेलात तर वरून वेगळा आकार लागू शकतो. महापालिकेच्या रुग्णालयांत शुल्क नाममात्र असतं. एवढं लिहायला मला कुठलंही गुपित फोडावं लागलं नाही. पण ज्याला आज, आत्ता, सुजलेला हात घेऊन एका ठरावीक केंद्राच्या दारात उभं राहायचं आहे, त्याला ४०० ते १००० हा पट्टा काय कामाचा? त्याला त्या केंद्राचा आकडा हवा. तो आकडा केंद्राच्या संगणकात असतो, बिलाच्या छपाईत असतो, मालकाच्या डोक्यात असतो. फक्त भिंतीवर नसतो.

आता अविश्वासाचं. भाव विचारल्याने डॉक्टरचा अपमान होतो, असं म्हणणाऱ्यांनी डॉक्टरांची स्वतःची आचारसंहिता एकदा वाचावी. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेले व्यावसायिक आचरणाचे नियम स्पष्ट सांगतात की डॉक्टरने आपली फी उपचार करण्याआधी सांगावी, उपचार सुरू झाल्यावर नव्हे. आणि आपली फी व इतर आकार आपल्या खोलीत किंवा ज्या रुग्णालयात तो जातो तिथे पाटीवर लावावेत. म्हणजे विचारायची जबाबदारी रुग्णावर टाकलेलीच नाही. सांगायची जबाबदारी डॉक्टरवर आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच व्ही. पी. शांता खटल्यात ठरवलं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेची किंमत कळणं हा ग्राहकाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे. मग अपमान कोण करतो? भाव विचारणारा रुग्ण की त्याला ‘काका, आधी काढून घ्या, मग बिल सांगते’ म्हणून आत पाठवणारं काउंटर? हे वाक्य मी माझ्याच कानांनी ऐकलं आहे, आणि ते ऐकून सोबतच्या म्हाताऱ्या बाईंनी पिशवीतले पैसे मोजायला सुरुवात केली, हेही पाहिलं आहे. त्यांना आकडा कुणी सांगितला नव्हता. आपल्याकडे पुरतील का, या धास्तीने त्या मोजत होत्या.

विश्वास असला तर प्रश्न विचारता येतात. ‘किती’ विचारण्याची सवय लागली की त्याच्या पाठोपाठ ‘कशासाठी’ हाही प्रश्न येतो, आणि तोही चांगलाच आहे. घोटा मुरगळला की सरसकट एक्स-रे काढायचा का, याचं उत्तर कॅनडात ओटावा इथल्या डॉक्टरांनी १९९२ साली शोधलं. घोट्याच्या विशिष्ट हाडांवर दाबल्यावर दुखतं का आणि माणूस चार पावलं टाकू शकतो का, एवढं तपासून बऱ्याच रुग्णांना एक्स-रेशिवाय घरी पाठवता येतं आणि मोडलेलं हाड जवळजवळ कधीच सुटत नाही, हे त्यांनी दाखवलं. जगभर हे नियम वापरले जातात. हातापायाच्या एक्स-रेत किरणांचं प्रमाण अगदी थोडं असतं, त्यामुळे भीतीपोटी एक्स-रे टाळावा असं मी मुळीच म्हणत नाही. पण न लागणारी प्लेट न काढणं हे रुग्णाच्या पैशांचंही भलं आहे, आणि चांगला डॉक्टर ते हसून सांगतो. न विचारणाऱ्या रुग्णाला ते कोण सांगणार?

स्वस्त एक्स-रे म्हणजे वाईट एक्स-रे, हे तर सर्रास ठोकून दिलं जातं. एक्स-रे यंत्र कुणालाही खोलीत मांडून सुरू करता येत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. २००४ चे किरणोत्सार संरक्षण नियम लागू असतात. यंत्राची गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी करावी लागते, काम करणाऱ्याच्या छातीवर किरणं मोजणारा बिल्ला असावा लागतो, शिशाचा एप्रन असावा लागतो. या अटी चारशे घेणाऱ्याला आहेत आणि हजार घेणाऱ्यालाही त्याच आहेत. ज्याचं यंत्र या अटींत बसत नाही त्याने दर कमी ठेवो वा जास्त, ते बंदच व्हायला हवं. गुणवत्तेची हमी द्यायचं काम परवान्याचं आहे. ते बिलाच्या आकड्यावर सोपवायचं असेल तर महागडं पण नापास यंत्र चालवणाऱ्याला आपण मोकळं सोडतो.

दोन केंद्रांत खरा फरक असू शकतो, हे मात्र मी मान्य करतो. एकाकडे जुन्या कॅसेटची पद्धत असेल, दुसऱ्याकडे थेट संगणकावर चित्र उमटवणारी. एक जण मोठी फिल्म छापून देईल, दुसरा साध्या कागदावर किंवा फोनवर पाठवून देईल. आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे अहवाल. काही ठिकाणी रेडिऑलॉजिस्ट चित्र नीट पाहून लेखी मत देतो, काही ठिकाणी नुसती प्लेट हातात येते. जिथे तज्ज्ञाचे डोळे लागले आहेत तिथे दोनशे रुपये जास्त पडणं पूर्णपणे रास्त आहे. मग ते लिहाच की! ‘अहवालासह इतके, अहवालाशिवाय इतके’ असं भिंतीवर असेल तर रुग्णाला कळेल की जास्तीचे पैसे कशाचे आहेत. आज होतं ते उलटच. एकीकडून फोनवर चित्र घेऊन माणूस हाडांच्या डॉक्टरकडे जातो, तिथे ‘हे चालणार नाही, फिल्म हवी’ किंवा ‘आमच्याकडचाच काढा’ असं ऐकतो आणि एकाच हाडासाठी दोनदा पैसे भरतो. दर झाकून ठेवल्याने गुणवत्ता वाढते म्हणतात ती अशी?

दर झाकून ठेवण्याचा खरा फायदा कुणाला होतो, हेही बोलायला हवं. रुग्ण पाठवल्याबद्दल पाठवणाऱ्याला तपासणीच्या पैशांतून वाटा देणं, ज्याला सगळे ‘कट’ म्हणतात, ते २००२ च्या त्याच नियमांनी निषिद्ध ठरवलं आहे. तरी ते चालतं, हे वैद्यकीय व्यवसायातल्या प्रामाणिक लोकांनीच सांगितलं आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका निदान केंद्राकडून रुग्ण पाठवल्याबद्दल १२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा त्यांनी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली; देशभर त्याची चर्चा झाली. डॉ. अरुण गद्रे यांच्या ‘कैफियत : प्रामाणिक डॉक्टरांची’ या पुस्तकात अनेक डॉक्टरांनी ही गोष्ट उघडपणे मांडली आहे. २०१७ साली माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीने राज्यासाठी कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला. पुढे त्याचा कायदा काही झाला नाही. सगळेच डॉक्टर कट घेतात असं मी म्हणत नाही. ते धडधडीत खोटं आणि अन्यायाचं ठरेल. पण कट घेणाऱ्याला आणि न घेणाऱ्याला एकाच अंधारात उभं करतो तो न सांगितलेला दर. भिंतीवर आकडा लागला की वाटा काढायला जागा उरत नाही, आणि जो प्रामाणिक आहे त्याचा प्रामाणिकपणा लोकांना दिसतो. प्रामाणिक केंद्रचालकांनी तर या पाटीसाठी स्वतः पुढे यायला हवं.

‘सक्ती केली तर केंद्रं बंद पडतील’ हे भाकीत आपण आधी ऐकलेलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविड ऐन भरात असताना, महाराष्ट्र सरकारने छातीच्या एचआरसीटी तपासणीचे कमाल दर ठरवले: यंत्राच्या क्षमतेनुसार २०००, २५०० आणि ३००० रुपये. त्या दरात अहवाल, फिल्म, पीपीई किट, जंतुनाशकाचा खर्च, सगळं धरलेलं होतं, आणि दर दर्शनी भागात लावायचे होते. सीटी स्कॅनचं यंत्र एक्स-रेपेक्षा कितीतरी महाग. तरी केंद्रं चालू राहिली, रांगा लागल्या, अहवाल मिळाले. त्याआधी ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत नियामक प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या भागांची कमाल किंमत बांधून दिली, तेव्हाही गुडघेबदल बंद होतील अशी ओरड झाली होती. निगडी प्राधिकरणातल्या ज्येष्ठ नागरिकांना विचारा, गुडघे बदलायचे थांबले का? आणि मी तर कमाल दरही मागत नाही. हजार घ्यायचे तर हजार घ्या, पण ते आधी सांगा, एवढंच माझं म्हणणं आहे. एवढ्यानेही जर कुणाचा धंदा बुडत असेल, तर तो कशावर उभा होता?

राहिला मुद्दा वायसीएमचा. तो सर्वांत निर्दय आहे, कारण त्यात गरिबाला दयेच्या सुरात दाराबाहेर पाठवलं जातं. वायसीएम पिंपरीत संत तुकारामनगरला आहे. रात्री अकरा वाजता पाय मोडलेल्या माणसाला ओटास्कीममधून तिथे न्यायचं म्हणजे रिक्षाचे पैसे आणि सोबतीला कुणीतरी हवं. महापालिकेची रुग्णालयं या शहराचा आधार आहेत, आकुर्डीचं कुटे रुग्णालय आहे, भोसरीचं आहे, थेरगावचं आहे, आणि मी त्यांच्या बाजूने कुठेही भांडेन. पण तिथली रांग किती मोठी असते आणि एका खाड्याची किंमत काय असते, हे रोजंदारीवरच्या माणसाला विचारा. कधी कधी चारशे रुपये देऊन खासगीत जाणंच त्याला स्वस्त पडतं. तो निर्णय त्याला करू द्या ना! पण निर्णय करायला दोन्हीकडचा आकडा लागतो, आणि खासगीतला आकडा तर झाकलेला. राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या व उपचार निःशुल्क केले. औंधच्या जिल्हा रुग्णालयात त्याचा लाभ मिळतो. महापालिकेची रुग्णालयं त्या निर्णयात येत नाहीत. हा फरक किती जणांना कोणी सांगितला?

कामगारांची गोष्ट आणखी चीड आणणारी आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के राज्य कामगार विम्यात जातात. चिंचवडला मोहननगरमध्ये या विम्याचं रुग्णालय आहे आणि तिथला एक्स-रे कामगाराला वेगळे पैसे न देता मिळतो, कारण तो आधीच भरून झालेला असतो. पण बोट चेचलं की अपघाताची नोंद होऊ नये म्हणून ठेकेदार त्याला जवळच्या खासगी दवाखान्यात नेतो, हे या पट्ट्यात काम केलेल्या कुणालाही नवं नाही. पहिल्या एक्स-रेचे पैसे ठेकेदार देतो, पुढचे तीन कामगाराच्या गळ्यात पडतात. ‘विमा असेलच की’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दाखल न होता काढलेला एक्स-रे बसत नाही, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनाही दाखल रुग्णांच्या ठरावीक उपचारांसाठीच आहे. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के भाग लोकांनी थेट खिशातून भरला. असल्या ‘किरकोळ’ प्लेटा, गोळ्या आणि पट्ट्यांचे पैसे त्यातच आहेत.

कायदा नाही म्हणून हे अडलं आहे, असंही नाही. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती केली. त्यात रुग्णहक्कांची सनद आणि १५ प्रकारच्या सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. त्या १५ मध्ये रेडिऑलॉजीचे दर आहेत. म्हणजे ज्या रुग्णालयात खाटा आहेत आणि एक्स-रे यंत्र आहे, त्याने हाडाच्या एक्स-रेचा दर भिंतीवर लावलाच पाहिजे. निगडी-आकुर्डी-चिंचवडच्या रुग्णालयांत जा आणि ही पाटी शोधा. कुठे नसेल, कुठे औषधांच्या जाहिरातीमागे असेल, कुठे फक्त इंग्रजीत, बारीक अक्षरात असेल. नोंदणी आणि दर तीन वर्षांनी तिचं नूतनीकरण महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडून होतं. नूतनीकरणाच्या कागदांसोबत दरपत्रकाच्या पाटीचा फोटो मागायला या विभागाला कोणी अडवलं आहे?

मोठं भगदाड आहे ते खाटा नसलेल्या, नुसत्या तपासणी केंद्रांची. शुश्रूषागृहाच्या कायद्यात ती बसत नाहीत. केंद्र सरकारचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा अशा केंद्रांनाही लागू होतो आणि त्याखालच्या २०१२ च्या नियमांत दर स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत लावायची सक्ती आहे, पण महाराष्ट्राने तो कायदा स्वीकारलेलाच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला या नियमांतले प्रमाण दर ठरवण्यात इतकी वर्षं चालढकल का केली, असं विचारलं आणि दर ठरवले नाहीत तर तोवर सीजीएचएसचे दर लागू करण्याचा इशारा दिला. दिल्लीत एवढं होत असताना आपल्या राज्यात नुसती पाटी लावायची सक्तीसुद्धा असल्या केंद्रांवर नाही.

तेव्हा मागणी पुरेशी स्पष्ट आहे, आणि ती भीक म्हणून केलेली नाही. प्रत्येक एक्स-रे केंद्राच्या आणि रुग्णालयाच्या दाराशी, काउंटरवर वाकून न बघता वाचता येईल अशा ठळक मराठीत पाटी हवी. हात, मनगट, कोपर, खांदा, घोटा, गुडघा, खुबा, मणका, प्रत्येकाचा एका बाजूचा आणि दोन बाजूंचा दर. फिल्म त्यात धरली आहे की नाही. अहवाल त्यात धरला आहे की नाही. रात्रीचा आणि फिरत्या यंत्राचा वेगळा आकार असेल तर तो. फोनवर विचारणाऱ्याला तोच आकडा सांगायचा आणि बिलात तोच छापायचा. चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला, त्याने विचारलं नाही तरी, यंत्रापाशी नेण्याआधी एकूण रक्कम सांगायची आणि पुढच्या महिन्या-दीड महिन्यात अजून किती वेळा यावं लागेल त्याचा अंदाज द्यायचा. महापालिकेने ही पाटी नसलेल्या रुग्णालयाच्या नूतनीकरणावर सही करू नये, आणि राज्य सरकारने खाटा नसलेल्या केंद्रांना याच नियमाखाली आणणारी दुरुस्ती पुढच्या अधिवेशनात मांडावी.